बॉम्बे हिल्सच्या पलीकडची जमीन: माओरींचे दावे, सरकारची माफी आणि आपण

रानजाई (धागालेखिका)

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडहून हॅमिल्टनच्या दिशेनं निघालं की अर्ध्यापाऊण तासात ‘बॉम्बे’ लागतं. नवीन आलेला मराठी माणूस तिथं गाडी थांबवतो, पाटीसोबत फोटो काढतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. आम्हीही टाकलाय. हे नाव थेट आपल्या मुंबईवरून पडलेलं नाही. ‘बॉम्बे’ नावाच्या जहाजातून १८६०च्या दशकात आलेल्या गोऱ्या लोकांनी ते ठेवलं. वेलिंग्टनमध्ये तर चक्क ‘खंडाला’ आहे! हिंदुस्थानात नोकरी करून आलेल्या एका कॅप्टननं आपल्या घराला दिलेलं हे नाव पुढे अख्ख्या उपनगराला चिकटलं. तिथल्या मुख्य रस्त्याचं नाव गँजेस रोड. नेपियर हे शहर सिंध घेणाऱ्या चार्ल्स नेपियरच्या नावाचं, शेजारचं हेस्टिंग्ज वॉरन हेस्टिंग्जच्या.

पण धागा नावांसाठी काढलेला नाही. या भागातून जाणारा जुना ग्रेट साउथ रोड गव्हर्नर जॉर्ज ग्रे यानं सैन्याकडून बांधून घेतला, आणि तो भाजी वाहायला नव्हे. वाइकातो भागातल्या माओरींवर, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांवर, चाल करून जायला रस्ता हवा होता म्हणून. माओरींनी १८५८ मध्ये पोटाटाउ ते व्हेरोव्हेरो यांना आपला राजा केलं होतं. जमीन विकायची नाही, असा त्या चळवळीचा निश्चय. ऑकलंडच्या व्यापाऱ्यांना ते खुपत होतं. जुलै १८६३ मध्ये ग्रेनं फर्मान काढलं की निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर मांगाताव्हिरी ओढ्याच्या पलीकडे चालते व्हा. हे फर्मान बऱ्याच जणांच्या हातात पडायच्या आतच १२ जुलैला जनरल कॅमरनची फौज ओढा ओलांडून आत घुसली. त्या काळात न्यूझीलंडमध्ये लढलेल्या पलटणींपैकी ७०वी आणि ४३वी या कलकत्त्याहून जहाजानं आल्या होत्या, हे आपल्यासाठी.

मग कायदा झाला. क्रम बघा: आधी चढाई, मग त्याच वर्षाच्या शेवटी ‘न्यूझीलंड सेटलमेंट्स ॲक्ट’. ज्यांनी ‘बंड’ केलं त्यांची जमीन सरकारजमा. वाइकातोत सुमारे १२ लाख एकर गेली. तीत सरकारच्या बाजूनं राहिलेल्यांचीही होती, आणि लढाईत पुढे असलेल्या पण डोंगराळ, नापीक भागात राहणाऱ्यांची मात्र बरीचशी वाचली. गुन्हा बघून शिक्षा झाली की माती बघून, ते तुम्हीच ठरवा.

याचा निकाल लागला १९९५ मध्ये. २२ मेला तुरांगावाएवाए इथं पंतप्रधान जिम बोल्जर आणि माओरी राणी ते आताइरांगिकाहु यांनी करारावर सह्या केल्या. १७ कोटी डॉलरची जमीन आणि रोकड. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला एलिझाबेथ राणीनं वेलिंग्टनमध्ये स्वतःच्या हातानं त्या कायद्यावर सही केली. चढाई आणि जप्ती अन्यायाची होती आणि त्याबद्दल क्राउन (राजसत्तेच्या नावानं चालणारं सरकार) बिनशर्त माफी मागतं, हे त्या कायद्यात लिहिलेलं आहे.

हे सगळं लिहायचं कारण असं की आपल्या मंडळींच्या जेवणावळीत ‘यांना सगळं फुकट मिळतं’ हे वाक्य फार सहज पडतं. काही वेळा मीच पोळ्या वाढत असते, त्यामुळे बोलणं राहून जातं. इथं बोलूया. माझं म्हणणं एवढंच: या तडजोडींना जमिनीची किंमत म्हणणं हा हिशेबच चुकीचा आहे. आणि हा हिशेब मांडला कुणी, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

---

कोरा चहा

वाचतोय. पण ताई, जरा मागून सांगा. वाइतांगीचा तह तह म्हणतात तो काय होता? तह झाला होता तर मग जप्ती कशी?

---

रानजाई

@कोरा चहा, थोडक्यात सांगते. ६ फेब्रुवारी १८४०. कॅप्टन हॉब्सन ब्रिटिश राणीच्या वतीनं, समोर उत्तरेकडचे माओरी सरदार. तहाचे मजकूर दोन. इंग्रजीत माओरींनी सार्वभौमत्व राणीला दिलं. माओरीत त्यांनी कारभार चालवायचा हक्क दिला, पण आपल्या जमिनींवर, गावांवर, ठेव्यावर आपली सरदारकी राखली. पाचशेच्या वर सरदारांनी सही केली ती माओरी मजकुरावर. इंग्रजी मजकुरावर फक्त ३९ सह्या. तेव्हा कुणाला काय कबूल होतं, यावर फार शब्दच्छल करायची गरज मला तरी वाटत नाही.

आणखी एक कलम महत्त्वाचं. माओरींना जमीन विकायची झाली तर पहिला हक्क राणीच्या सरकारचा. म्हणजे गिऱ्हाईक एकच, आणि भाव ठरवणारंही तेच.

दक्षिण बेटावर काय झालं ते यावरून कळेल. १८४८चा केम्पचा करार: सुमारे २ कोटी एकर, किंमत २,००० पौंड. शिवाय राखीव जमिनी, शाळा, दवाखाने देऊ असा शब्द. राखीव म्हणून पदरात पडली ६,३५९ एकर. न्गाई ताहु जमातीनं तक्रार केली ती १८४९ मध्येच, म्हणजे शाई वाळायच्या आत. निकाल १९९८ साली. मधल्या सात पिढ्या त्या तक्रारीसोबत जगल्या.

---

रोखठोक

धागा माहितीपूर्ण आहे, पण एकतर्फी वाटला. काही प्रश्न:

मी २०१४ साली इथं आलो. माझ्या आजोबांनी कुणाची जमीन घेतली नाही. उलट त्यांचीच कूळकायद्यात गेली. मी टॅक्स भरतो, त्यातून हे पैसे जातात. का? दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्यांच्या पापाचे हप्ते मी का भरायचे? आणि घेणारेही ते नाहीत ज्यांचं गेलं. पणतू-खापरपणतू. बऱ्याच जणांत अर्धं रक्त गोऱ्यांचं. मग कोण कुणाला देतंय?

विषय काढला की लगेच वंशवादी ठरवतात, म्हणून जेवणावळीत कुणी बोलत नाही. इथं विचारतोय.

---

हॅमिल्टनकर

रोखठोक, प्रश्न रास्त आहे. मी पेशानं हिशेबनीस, त्यामुळे आकड्यांतून उत्तर देतो.

वाइकातो-ताइनुइ जमातीनं १९९०च्या दशकात आपलं नुकसान काढलं ते सुमारे १२ अब्ज डॉलर. मिळाले १७ कोटी. टक्केवारी काढा, दीडसुद्धा भरत नाही. इतर जमातींचंही साधारण असंच. एक-दोन टक्के हा आकडा सगळीकडे ऐकू येतो.

आता दुसरी बाजू. २०१० मध्ये साउथ कँटरबरी फायनान्स ही कंपनी बुडाली. सरकारनं ठेवींना हमी दिलेली होती, म्हणून ठेवीदारांना साधारण १.६ अब्ज डॉलर एका झटक्यात दिले. तोवरच्या वीस वर्षांत सगळ्या माओरी जमातींना मिळून जे मिळालं होतं, त्याहून ही रक्कम मोठी. तोही तुमचाआमचाच टॅक्स. त्यावर कुठल्या जेवणावळीत चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

‘मी का भरायचे’ याबद्दल. देणेकरी गोरे लोक नाहीत, क्राउन आहे. क्राउन मरत नाही. १८६३ साली जप्तीच्या कायद्यावर जे नाव होतं तेच तुमच्या व्हिसावर आणि माझ्या नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर आहे. कंपनीचे शेअर आज घेतले म्हणून कंपनीची जुनी देणी फिटत नाहीत.

---

रोखठोक

शेअरचा मुद्दा पटला. पूर्ण नाही, पण पटला.

पण मग ‘फुल अँड फायनल’ म्हणून सही केल्यावर वाइकातो आणि न्गाई ताहुला परत परत पैसे मिळतात त्याचं काय? मध्यंतरी बातमी होती.

---

हॅमिल्टनकर

ती रिलेटिव्हिटीची अट. गोष्ट मजेशीर आहे.

१९९४ मध्ये सरकारनं जाहीर केलं की देशातल्या सगळ्या ऐतिहासिक दाव्यांसाठी मिळून एक अब्ज डॉलर, त्यावर छदाम नाही. कुणाशी बोलून? कुणाशीच नाही. देशभरातल्या सभांत माओरींनी ते धुडकावलं. १९९५ मध्ये व्हांगानुईतली मोउतोआ गार्डन्स ही बाग लोक ७९ दिवस अडवून बसले, त्यामागे हाही राग होता.

वाइकातो आणि न्गाई ताहु हे पहिले मोठे करार करणारे. त्यांना भीती ही, की आपण आधी सही करून कमी घेऊ आणि मागून येणारे जास्त नेतील. म्हणून त्यांनी अट घालून घेतली: एकूण रक्कम एक अब्जाच्या वर गेली, तर वरच्या रकमेच्या १७ टक्के वाइकातोला आणि १६.१ टक्के न्गाई ताहुला. १९९४चे डॉलर धरून. सरकारनं खुशाल मान्य केलं, कारण एक अब्ज ओलांडायचेच नव्हते! २०१२ मध्ये ओलांडले. मग अट लागू झाली. करारात आहे ते देणं, परत परत मागणं नव्हे.

अवांतर: आम्ही हॅमिल्टनला ज्या ‘द बेस’ मॉलमध्ये दिवाळीच्या आधी चकरा मारतो, ती हवाई दलाची जुनी जागा. १९९५च्या करारात जमातीकडे परत आली. युनिव्हर्सिटीची जमीनही त्यांचीच, युनिव्हर्सिटी भाडं भरते. सगळे डाव साधले असंही नाही. नव्वदच्या दशकात त्यांनी रग्बी लीगच्या संघात पैसे घातले आणि हात पोळून घेतले. पण नव्यानं पैसा आलेल्या कुणाचं तसं होत नाही?

---

निवृत्त तलाठी

नमस्कार. मी न्यूझीलंडला कधी आलो नाही, येणारही नाही. मुलगा तिकडं आहे, त्यानं हा धागा पाठवला. आयुष्य दप्तरात गेलं, म्हणून विचारतो.

जप्ती समजली. खरेदी समजली. पण लढाई सगळ्या देशात झाली नसणार. जिथं पलटण गेली नाही तिथली जमीन कशी गेली? माझा अनुभव असा की जमीन बंदुकीनं जाते त्याच्या कितीतरी पट कागदानं जाते.

---

मंद्रसप्तक

तलाठी काका, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. याच विषयावर वेलिंग्टनला शिकतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

१८६५ मध्ये ‘नेटिव्ह लँड कोर्ट’ आलं. तोवर जमीन सगळ्या कुळाची, म्हणजे घराण्याची, सामाईक असे. कुणाचा मासेमारीचा हक्क, कुणाचा रताळ्याच्या वाफ्यांचा, कुणाचा एका विशिष्ट झाडावरचे पक्षी धरायचा. हे हक्क एकमेकांवर चढलेले. कोर्टाचं काम हे गुंतवळ सोडवून कागदावर मालकाचं नाव लिहिणं. मालकाचं नाव आलं की विकता येतं.

सुरुवातीला एका तुकड्यावर जास्तीत जास्त दहा नावं. कुळात माणसं तीनशे असली तरी दहाच. लोकांनी समजुतीनं आपले दहा वडीलधारे पुढे केले, विश्वस्त म्हणून. कायद्यानं मात्र ते दहा पूर्ण मालक ठरले. त्यातल्या एकाला दारूच्या दुकानातली उधारी झाली, की व्यापारी त्याच्या हिश्शावर सही घेई. उरलेल्या दोनशे नव्वदांना पत्ताही नसे.

आता खर्च बघा. दावा करायचा तर आधी मोजणी, मोजणीचे पैसे दावेदारानं द्यायचे. कोर्ट बसणार गोऱ्यांच्या गावात. कुळातल्या कुणीही एकानं अर्ज केला की सगळ्यांना हजर राहणं भाग, कारण गैरहजर राहिलात तर नाव गेलं. आठवडेच्या आठवडे, कधी महिने, पोराबाळांसकट तंबूत मुक्काम. खाणं उधारीवर, औषध उधारीवर, दारूही उधारीवर. शेतं मागे ओस. निकाल जिंकला तरी उधारी आणि मोजणीचा खर्च फेडायला जमीन विकावी लागे. म्हणजे जमीन आपली आहे हे सिद्ध करण्याच्या खर्चातच ती जमीन जायची.

बंदूक एकदाही उडाली नाही. सगळं कायदेशीर, सही-शिक्क्याचं.

---

निवृत्त तलाठी

समजलं. मोजणीची फी न भरल्यानं जमीन गेलेली माणसं मी इकडेही पाहिलीत, ते जाऊ द्या.

पण मग जी थोडीफार राहिली तिची नोंद आज कशी आहे? दहा नावांचे वारस लागत गेले असतील.

---

मंद्रसप्तक

लागत गेले! दहाचा नियम पुढे बदलला, सगळ्यांची नावं लावा असं ठरलं. मग प्रत्येक मालकाच्या मागे सगळी मुलं, त्यांच्या मागे त्यांची मुलं. आज माओरी मालकीची म्हणून देशातली साधारण पाच-सहा टक्के जमीन उरली आहे. त्यातल्या एकेका तुकड्यावर शेकडो, कुठे हजारो नावं. तुम्ही वारसांच्या नावांनी भरलेला सातबारा डोळ्यांपुढे आणा, फक्त त्यातले निम्मे वारस ऑस्ट्रेलियात आणि बँक कर्ज द्यायला तयार नाही.

---

निवृत्त तलाठी

अशा सातबाऱ्यावर सहीला माणसं गोळा करता करता मी म्हातारा झालो. चालू द्या.

---

विदर्भी बाणा

उत्तम चर्चा. आपल्याकडे २००६च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत ‘ऐतिहासिक अन्याय’ असे शब्द आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला तो त्याच कायद्यानं. तुलना करावीशी वाटली.

आणि नदीला ‘व्यक्ती’ ठरवलं ते न्यूझीलंडच ना? आपल्याकडेही गंगेबद्दल तसं काही झालं होतं.

---

रानजाई

हो, व्हांगानुई नदी. मार्च २०१७ मध्ये कायदा झाला, नदी कायद्यानं व्यक्ती ठरली. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेला तसाच दर्जा दिला आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली.

तिथं नुसता निकाल होता. इथं त्यामागे दीड शतकाचं भांडण होतं. नदीच्या वतीनं बोलायला दोन माणसं, एक जमातीनं नेमलेला आणि एक क्राउननं. शिवाय निधी. नुसतं ‘तू व्यक्ती’ म्हटल्यानं नदीला काही वकील मिळत नाही.

वनहक्काचा मुद्दा मोठा आहे. वेगळा धागा काढा ना, मी येते तिथं.

---

शेवंतीची वेणी

मी टारानाकी भागात नर्स आहे. इथं पारिहाकाचं नाव अजून कुणी घेतलं नाही, म्हणून लिहिते.

टारानाकीतही जप्ती झाली होती, पण बरीच वर्षं सरकारनं काही जमीन प्रत्यक्ष ताब्यात घेतलीच नाही. डोंगर आणि समुद्राच्या मध्ये पारिहाका नावाचं गाव वसलं. ते व्हिटी ओ रोंगोमाइ आणि तोहु काकाही हे दोघे पुढारी. हत्यार उचलायचं नाही हा त्यांचा नियम. १८७९ मध्ये सरकारनं मोजणीदार पाठवले, तेव्हा या लोकांनी गोऱ्यांनी घेतलेल्या कुरणांत जाऊन नांगर धरला. नुसता नांगर. पोलीस येऊन एकाला धरत, की दुसरा पुढे होऊन मुठीवर हात ठेवी. नंतर कुंपणं. रस्त्यासाठी सरकार कुंपण तोडे, हे पुन्हा बांधत. चारशेच्या वर माणसं दक्षिण बेटावरच्या तुरुंगांत गेली, बरीचशी खटल्याशिवाय. त्यासाठी खास कायदे केले गेले.

५ नोव्हेंबर १८८१ ला जॉन ब्राइस हा मंत्री घोड्यावर बसून सुमारे १,६०० सशस्त्र माणसं घेऊन आला. टेकडीवर तोफ. वेशीवर काय होतं? गाणारी, उड्या मारणारी लहान मुलं. त्यांच्या मागे सैनिकांना द्यायला भाजलेले पाव घेतलेल्या बाया. दोन हजारांवर माणसं मराएवर, म्हणजे गावाच्या सभेच्या जागी, बसून राहिली. कुणी हात उगारला नाही. दोघा पुढाऱ्यांना पकडलं, बाकीच्यांना हाकललं, घरं पाडली, पिकं उखडली. बायकांवर बलात्कार झाले. हे शेवटचं क्राउननं कबूल केलं ९ जून २०१७ रोजी, माफी मागताना.

त्यातलीही चीड आणणारी गोष्ट नंतरची. काही जमीन माओरींना ‘परत’ दिली गेली, पण ती विश्वस्ताच्या ताब्यात. त्यानं ती गोऱ्या शेतकऱ्यांना दर २१ वर्षांनी नूतनीकरण होणाऱ्या कायमच्या भाडेपट्ट्यानं दिली. भाडं नगण्य. मालक तुम्ही, पण पाय ठेवायचा नाही.

दर महिन्याच्या १८ आणि १९ तारखेला तिथं लोक जमतात. वॉर्डातल्या एका माओरी सहकारी बाईंनी मला नेलं होतं. आधी स्वागताची हाक, मग भाषणं, त्यातलं मला काहीच कळलं नाही. मग जेवण. जेवणानंतर मी उठले आणि भांडी पुसायला उभी राहिले, तशी शेजारची म्हातारी पंचा माझ्या खांद्यावर टाकत म्हणाली, तू पुसतेस तर आता पाहुणी नाहीस. नंतर तासभर ती मला तिच्या पणजोबांचं सांगत होती. ते ड्युनेडिनला दगड फोडायला नेलेल्यांपैकी. सूर तक्रारीचा नव्हता. आपण घरातल्या वारलेल्या माणसाचं बोलतो ना, तसा. मध्येच ‘ते कप वरच्या फळीवर’ म्हणायची आणि पुढे चालू.

---

कोरा चहा

बाप रे. म्हणजे गांधीजींच्या कितीतरी आधी! गांधीजींनी हे इथूनच घेतलं असं कुठंतरी वाचलं होतं.

---

मंद्रसप्तक

असं बोललं जातं खरं, पण ठोस पुरावा मी तरी पाहिलेला नाही. आणि त्याची गरजही नाही. पारिहाका मोठं ठरायला गांधींचं सर्टिफिकेट कशाला हवं?

---

रोखठोक

शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे मला माहीत नव्हतं.

तरी मूळ मुद्दा राहतोच. झालेल्या अन्यायाची माफी मागा, भरपाई द्या, ठीक. पण आज कायद्यापुढे सगळे सारखे असावेत ना? ॲक्ट पक्षाचे नेते डेव्हिड सीमोर यांचं तहाच्या तत्त्वांबद्दलचं विधेयक तेच म्हणत होतं. मग इतका गहजब का?

---

रानजाई

‘सगळे सारखे’ हे वाक्य ऐकायला छानच आहे. पण तहात दोन पक्ष होते. त्यातल्या एकानं, दुसऱ्याची संमती न घेता, तहाचा अर्थ काय हे बहुमतानं ठरवायचं, असा तो घाट होता. मी वर म्हटलं ना, हिशेब कोण मांडतं हा खरा प्रश्न, तो हाच. एक अब्जाची मर्यादा सरकारनं ठरवली. कुठल्या गटाला ‘जमात’ मानून बोलणी करायची हे सरकारनं ठरवलं. ‘फुल अँड फायनल’ हे शब्दही सरकारचे. ज्यानं घेतलं तोच किती परत द्यायचं ते ठरवतो, आणि सही केली नाहीत तर रांगेत मागे उभं करतो.

यात एकच जागा अशी आहे जिथं माओरी आपली बाजू आपल्या पद्धतीनं मांडतात, ती वाइतांगी ट्रायब्युनल. १९७५ मध्ये मातिउ राटा या मंत्र्यानं ती आणली. त्याच वर्षी ७९ वर्षांच्या व्हिना कूपर उत्तरेच्या टोकापासून संसदेपर्यंत मोर्चा घेऊन चालत आल्या. ‘आता एक एकरही नाही’ ही त्यांची घोषणा. सुरुवातीला ट्रायब्युनलला फक्त १९७५ नंतरच्या तक्रारी ऐकता येत. म्हणजे चोरी झाल्यावर बसवलेला कॅमेरा! १९८५ मध्ये कायदा बदलला आणि १८४० पर्यंत मागे जाता आलं. तेव्हा खरी दारं उघडली. तरी तिच्या बहुतेक शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत.

विधेयकाचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये हाना-राव्हिती माइपी-क्लार्क या तरुण खासदार बाईंनी संसदेत त्याची प्रत फाडून हाका (माओरींचं आवेशाचं नृत्य) केला, तो व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फोनवर आला होता. पाचच दिवसांनी पोलिसांच्या अंदाजे ४२,००० लोक संसदेसमोर जमले. त्यात माओरी नसलेलेही खूप होते. एप्रिल २०२५ मध्ये ११२ विरुद्ध ११ मतांनी विधेयक पडलं. सरकारमधल्या जोडीदार पक्षांनीसुद्धा विरोधात मत दिलं.

आणि ‘आपला काय संबंध’ यावर एक. बॉम्बेच्या शेजारी पुकेकोहे आहे, कांद्याबटाट्याचं गाव. १९२०च्या दशकात तिथल्या गोऱ्यांनी ‘व्हाइट न्यूझीलंड लीग’ काढली. कुणाविरुद्ध? भाजीचे मळे करणाऱ्या हिंदी आणि चिनी लोकांविरुद्ध. त्याच गावात माओरींना थिएटरात वेगळं बसवायचे, न्हावी केस कापायचे नाहीत. तेव्हा आपण कुठल्या बाजूला मोजले जात होतो, हे जेवणावळीत सांगायला हरकत नाही.

---

रोखठोक

पुकेकोहेचं माहीत नव्हतं. तिथून दर शनिवारी भाजी आणतो.

विधेयकाच्या पद्धतीबद्दल सहमत. समानतेबद्दल माझं मत अजून तेच आहे. असू दे.

---

निवृत्त तलाठी

एक शंका. सरकारनं घेतलेली जमीन पुढे खासगी माणसाला विकली असेल तर ती परत मिळते का? आमच्याकडे तिथंच सगळं अडतं.

---

हॅमिल्टनकर

काका, इथंही तिथंच अडतं. खासगी जमिनीला हात लावायचा नाही, हा नियम. १९९३ मध्ये ट्रायब्युनलला तशी शिफारस करायचीच बंदी घातली. म्हणून परत मिळते ती फक्त क्राउनकडे उरलेली: जंगलं, जुनी ठाणी, शाळांच्या जागा. ज्या जमातीच्या भागात क्राउनकडं फारसं उरलं नाही, तिचं नशीब.

अपवादासारखं एक उदाहरण इहुमाताओ. ऑकलंड विमानतळाशेजारी, आपण सगळे तिथं उतरलो. १८६३ मध्ये जप्त झालेली जमीन, दीडशे वर्षं एका शेतकरी कुटुंबाकडं. मग फ्लेचर कंपनीनं घरं बांधायला घेतली. तरुण मंडळी २०१६ पासून तिथं तळ ठोकून बसली, २०१९ मध्ये पोलीस हटवायला आले तेव्हा हजारो माणसं धावून आली. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं २ कोटी ९९ लाख डॉलर मोजून ती कंपनीकडून विकत घेतली. गंमत अशी की ही तडजोड वाइतांगीच्या प्रक्रियेत बसत नाही, असं सरकारनं आवर्जून सांगितलं. घरांच्या योजनेच्या पैशांतून काढली. बसली असती तर उद्या सगळेच खासगी जमीन मागायला आले असते ना!

---

मंद्रसप्तक

आणि सगळ्यात मोठी जमात, न्गापुही, हिचा करार अजून व्हायचाच आहे. तह जिथं झाला तिथलीच ही माणसं. २०१४ मध्ये ट्रायब्युनलनं त्यांच्या बाबतीत सांगितलं की १८४० मध्ये सही करताना त्यांच्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडलेलंच नव्हतं. सरकार म्हणतं, ते बाजूला ठेवून पैशांचं बोलू. ते म्हणतात, बोलायचं तर तिथूनच.

---

निवृत्त तलाठी

बरोबर आहे त्यांचं. मूळ नोंदच चुकीची असेल तर पुढचे फेरफार मंजूर करून उपयोग काय?

त्या ट्रायब्युनलचे अहवाल बघायला मिळतात का? नकाशे असतील तर बघायचे आहेत. इंग्रजी येतं, सावकाश वाचतो.

---

मंद्रसप्तक

मिळतात काका, सगळे फुकट उतरवून घेता येतात. नकाशेही आहेत. सुरुवात १९९६च्या टारानाकी अहवालापासून करा; जप्ती, भाडेपट्टे, पारिहाका सगळं त्यात आहे. मुलाला सांगा छापून पाठवायला, स्क्रीनवर ते नकाशे नीट दिसत नाहीत.

---

रोखठोक

मलाही पाठवा लिंक. विपूत (खासगी निरोपात) टाका, इथं नको.